नव्या शहरांत घर व शाळा यांची निवड

(ज्युबिली-महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहण्याची आपली रीत आहे. आपलें ख्रिस्तमंदिर कसें उभें राहिलें, आरंभीं मिस्सा कोणाच्या ओसरीवर होत असे, हें वडील मंडळींच्या तोंडून आपण गेले आठ दिवस ऐकत आहों. त्या सर्व हकीकतींत एक गोष्ट माझ्या कानीं वारंवार पडली, ती ही कीं, आपणांपैकीं फारच थोडीं कुटुंबें मूळचीं या शहरचीं आहेत. कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त आले, कोणी शाळेंत शिक्षक म्हणून, कोणी रुग्णालयांत परिचारिका म्हणून, तर कोणी हाताला काम मिळावें एवढ्याच आशेनें. अलीकडे येणारीं कुटुंबें मात्र बहुधा एकच कारण सांगतात : "फादर, मुलांच्या शिक्षणासाठीं आलों." उन्हाळा लागला कीं लोहा, कंधार, मुखेड, देगलूर या बाजूंनीं नांदेडास आणि औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर या बाजूंनीं लातुरास अशीं बिऱ्हाडें येऊं लागतात. सामानाचा टेंपो दाराशीं उतरतो, आणि मग प्रश्न पडतो कीं, कायमचें घर कोठें घ्यावें व मुलांना कोणत्या शाळेंत घालावें. हा प्रश्न टेंपो भरण्यापूर्वीं पडावा, एवढ्याचसाठीं आजचें हें भाषण आहे.

मला जें सांगावयाचें आहे तें प्रथमच सांगून टाकतों. घर व शाळा निवडतांना शहराचें नांव, शाळेचें नांव आणि सोयऱ्याधायऱ्यांचा आग्रह हीं घटकाभर बाजूस ठेवावींत, आणि आपल्या मुलाचा एक दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत, कागदावर मांडून पाहावा. ज्या घरांत राहून व ज्या शाळेंत जाऊन त्या दिवसांत झोंप, जेवण, अभ्यास, खेळ व आईबापांचा सहवास हीं पांचही बसतात, तें घर व ती शाळा आपलीं. ज्यांत यांपैकीं दोन-तीन गोष्टी मुळींच बसत नाहींत, तेथील कीर्ति कितीही मोठी असो, ती आपल्या मुलाच्या उपयोगाची नाहीं.

आतां या कीर्तीचाच थोडा विचार करूं. लातूरचें नांव महाराष्ट्रभर झालें तें कशामुळें? तेथील राजर्षी शाहू महाविद्यालय व दयानंद महाविद्यालय यांनीं अकरावी-बारावीच्या मुलांकडून नियमितपणें, पुन्हां पुन्हां सराव-परीक्षा घेऊन जो अभ्यास करवून घेतला, त्याचें फळ निकालांत दिसलें, आणि लोकांनीं त्यास "लातूर पॅटर्न" असें नांव दिलें. पुढें २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशास "नीट" ही एकच परीक्षा देशभर लागू झाल्यावर लातूर व नांदेड या दोन्ही शहरांत खासगी शिकवणीवर्गांचीं मोठीं केंद्रें उभीं राहिलीं, आणि त्यांच्या भोंवतीं खोल्या, वसतिगृहें व मेस यांच्या वसाहती वाढल्या. ही कीर्ति खरी आहे. परंतु ती कोणत्या इयत्तांची आहे, हें नीट ध्यानांत घ्या. ती मुख्यतः दहावीनंतरच्या दोन वर्षांची आहे. पहिली-दुसरीच्या लेंकराचा हात धरून, गांवचें घर मोडून, केवळ या नांवावर शहरांत येणाऱ्या आईबापांस मी विचारतों कीं, ज्या गोष्टीचा लाभ आणखी दहा वर्षांनीं व्हावयाचा, तिचें भाडें आजपासून कां भरावें?

माझ्या या म्हणण्यास एक आधार सांगतों. नांदेड, लातूर व धाराशिव हे तिन्ही जिल्हे राज्य शिक्षण मंडळाच्या एकाच लातूर विभागीय मंडळाखालीं येतात. तालुक्याच्या मान्यताप्राप्त शाळेंतून दहावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलास जें प्रमाणपत्र मिळतें, तेंच शहरांतील मुलास मिळतें. शिवाय २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यांत एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनें, दहावीच्या गुणांवर होऊं लागला आहे. म्हणजे मुलानें गांवीं मन लावून अभ्यास केला, तर शहरांतील महाविद्यालयाचा अर्ज त्यास गांवांतूनच भरतां येतो. तेव्हां कांहीं कुटुंबांकरितां आणखी कांहीं वर्षें न हलणें हीच उत्तम निवड होय. ज्या गांवीं चांगला शिक्षक आहे, आजी-आजोबा आहेत, दुभतें आहे, तें गांव लाज वाटून सोडूं नये.

परंतु पुष्कळांना हलावें लागतें. कोणाच्या गांवीं सातवीपुढें शाळा नाहीं. कोणाच्या घरांत मुलगी मोठी झाली आणि एस. टी. चा भरंवसा नाहीं. कोणाची बदली झाली. अशांनीं काय करावें?

प्रथम शाळा ठरवावी, आणि घर मागाहून शाळेच्या भोंवतीं शोधावें. आपल्याकडे बहुधा उलट होतें. मामाचें घर ज्या वसाहतींत, तेथेंच आपण खोली घेतों. मग शाळा तीन मैलांवर निघते. नांदेडचें उदाहरण घ्या. रेल्वे स्टेशन, वजिराबाद, भाग्यनगर, तरोडा हा भाग गोदावरीच्या उत्तरेस, तर सिडको-हडको, म्हणजे नवें नांदेड, नदीच्या दक्षिणेस. सिडकोंत कमी भाड्याची खोली घेऊन मूल उत्तरेकडील शाळेंत घातलें, तर त्यास रोज दोन वेळां पूल ओलांडावा लागतो. समजा, दूरच्या खोलीमुळें भाड्यांत दरमहा दोन हजार रुपये वांचले, आणि दोन मुलांच्या रिक्षास प्रत्येकीं बाराशें लागले. म्हणजे बचत तर बुडालीच, वर चारशें अंगावर आले. आणि रोज दीड तास मूल रिक्षांत दाटीवाटीनें बसलें तें वेगळेंच. तोच दीड तास त्याच्या झोंपेंतून किंवा खेळांतून जावयाचा. लातुरांतही औसा रस्ता, अंबाजोगाई रस्ता, बार्शी रस्ता व नांदेड रस्ता अशा चारी दिशांनीं शहर पसरलें आहे. एका टोंकास घर व दुसऱ्या टोंकास शाळा असतां कामा नये. लहान मूल पायीं व मोठें मूल सायकलनें जाऊं शकेल, एवढ्या अंतरांत घर पाहावें. आणि तो रस्ता एकदां तरी शाळा सुटण्याच्या वेळेस स्वतः चालून पाहावा. मोठा हमरस्ता ओलांडावा लागतो कीं काय, दिवेलागणीनंतर तो निर्जन होतो कीं काय, हें चालल्याशिवाय कळत नाहीं.

घराविषयीं दुसरी गोष्ट पाण्याची. लातुरांत घर पाहतांना पाणी कितव्या दिवशीं येतें तें विचारावें, आणि नांदेडांत पाणी कोठपर्यंत येतें तें विचारावें. एप्रिल २०१६ मध्यें मांजरा धरण आटल्यावर लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. त्या दिवसांत घागरी घेऊन रांगेंत उभीं राहणारीं मुलें परीक्षेच्या अभ्यासास केव्हां बसलीं असतील, याचा विचार करा. म्हणून लातुरांतील घर जुलैंत पाहूं नये, मे महिन्यांत पाहावें. बोअरला पाणी आहे काय, नळ किती दिवसांआड येतो, टाकी केवढी आहे, हें घरमालकास न विचारतां शेजारच्या गृहिणीस विचारावें. नांदेडांत विष्णुपुरीचें धरण भरून दरवाजे उघडले कीं गोदावरीकांठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतें. तेथें भिंतीवरील ओलीची रेघ पाहावी आणि मागील पुरांत पाणी कोणत्या पायरीस लागलें तें चौकशी करून घ्यावें. तिसरी गोष्ट भिंतींची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगडमातीच्या जाड भिंतींखालीं व माळवदाखालीं दडपलीं गेलीं. स्वस्त म्हणून जुन्या वाड्यांतील कमकुवत खोली घेण्यापूर्वीं लातूर जिल्ह्याच्या माणसास याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

घराचा करार तोंडी करूं नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणें भाडेकरार लेखी व नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. हा कागद मुलाच्या प्रवेशाकरितां राहण्याचा पुरावा म्हणूनही उपयोगीं पडतो. पहिला करार अकरा महिन्यांचाच करावा व घर विकत घेण्याची घाई करूं नये. एक उन्हाळा, एक पावसाळा व शाळेचें एक वर्ष अनुभवल्यावरच वस्ती कायम करावी.

आतां शाळेकडे वळूं. पाटीवर "कॉन्व्हेंट" किंवा "सेंट" असें लिहिलें म्हणजे ती शाळा धर्मभगिनींची किंवा ख्रिस्तसभेची होते, असें मानूं नका. आपल्या भागांत अशीं नांवें कोणीही घेतो. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केली नाहीं. शाळेस शासनाची मान्यता आहे काय, तिला यूडायसचा अकरा अंकी क्रमांक आहे काय, आणि ती ज्या मंडळाचें नांव सांगते त्या मंडळाशीं खरोखर संलग्न आहे काय, हें प्रथम पाहावें. नंतर मधल्या सुटीच्या वेळेस जाऊन पिण्याचें पाणी व मुलींचीं स्वच्छतागृहें पाहावींत. चौथीच्या वर्गांतील एखाद्या मुलास धडा वाचावयास लावून ऐकण्याची परवानगी मागावी. गेल्या वर्षींचे शिक्षक या वर्षीं किती टिकले आहेत, तें विचारावें. इमारतीच्या रंगापेक्षां या चार गोष्टी शाळेचें अंतरंग अधिक सांगतात.

माध्यमाचा प्रश्न पालकांना फार छळतो. मराठी माध्यमांत पांचवीपर्यंत शिकलेलें मूल एकदम सर्व विषय इंग्रजींत शिकविणाऱ्या शाळेंत घातलें, तर हुशार मूलही पहिलें वर्ष मुकें होऊन बसतें. अशा मुलास सेमी-इंग्रजी वर्ग, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजींत आणि बाकी विषय मराठींत, हा मधला पूल पुष्कळदां सोयीचा पडतो. उलट जीं कुटुंबें केरळांतून किंवा सीमेपलीकडील तेलुगू भाषेच्या मुलखांतून आपल्यांत आलीं आहेत, त्यांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, २०२० च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय अनिवार्य झाला आहे. मूल शेजारच्या मुलांशीं खेळलें कीं ही भाषा त्यास विनाशुल्क मिळते. म्हणून वस्ती निवडतांना अंगणांत मुलें खेळतात काय, हेंही पाहण्यासारखें आहे.

शुल्काच्या बाबतींत आपले हक्क आपणांस ठाऊक असावेत. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास सरकारी किंवा अनुदानित शाळेंत बदलून जाण्याचा हक्क त्यानें दिला आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून तेथें प्रवेश अडवितां येत नाहीं. खासगी विनाअनुदानित शाळांत आरंभींच्या वर्गांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं आहेत. त्यांत घरापासून शाळेचें अंतर पाहिलें जातें, म्हणजे येथेंही घराचा पत्ता महत्त्वाचा ठरतो. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला, आणि त्याविषयीं २०२५ मध्यें त्याच न्यायालयांत पुन्हां प्रश्न उपस्थित झाला. देणगी घेऊन प्रवेश देण्यास आपल्या राज्यांत १९८७ च्या कायद्यानें बंदी आहे. जेथें पावतीशिवाय पैसे मागतात, तेथें आपलें मूल घालूं नये. जी शाळा पहिल्याच दिवशीं लपवाछपवी करते, ती मुलास प्रामाणिकपणा कोणत्या तोंडानें शिकवील?

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें माझें कर्तव्य आहे. जून जवळ आला कीं पुष्कळ पालक मजकडे शिफारसपत्र मागण्यास येतात. मी तें आनंदानें देतों. परंतु तें पत्र म्हणजे आपण या धर्मग्रामाचे आहां एवढ्याची साक्ष होय. तें प्रवेशाची हुंडी नव्हे. मिशनच्या शाळेंतही जागा मोजक्याच असतात. एकाच शाळेवर भिस्त ठेवून सबंध उन्हाळा घालविणारें कुटुंब जूनमध्यें अडचणींत येतें. म्हणून तीन शाळा क्रमानें लिहून ठेवाव्यात, आणि त्यांतील एक तरी सरकारी किंवा अनुदानित असावी.

आतां अकरावी-बारावीसाठीं येणाऱ्यांविषयीं. येथें खर्च मोठा, वय नाजूक आणि दिवस सर्वांत दाटीचा. महाविद्यालय, शिकवणी, सराव-परीक्षा व स्वतःचा अभ्यास यांत सोळा-सतरा वर्षांचें मूल पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत गुंतून जातें. केंद्र सरकारनें जानेवारी २०२४ मध्यें शिकवणीवर्गांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलास घेऊं नये; दिवसांतून पांच तासांपेक्षां अधिक शिकवूं नये; आणि पूर्ण शुल्क भरलेल्या मुलानें मध्येंच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचें शुल्क दहा दिवसांत परत करावें, असें त्यांत म्हटलें आहे. पैसे भरण्यापूर्वीं या सूचना वर्गचालकांपुढें ठेवाव्यात आणि त्यांचें उत्तर लेखी घ्यावें. शेत गहाण टाकून दोन वर्षांचे पैसे एकदम भरण्याचें साहस कोणीही करूं नये.

कित्येक घरांत आई मुलासह शहरांत खोली घेऊन राहते आणि बाप गांवीं शेत सांभाळतो. त्या माउलीच्या कष्टांस मी नमन करतों. परंतु दोन चुली पेटल्या कीं खर्च वाढतो, धाकटें भावंड पोरकें होतें, आणि घरांतील सर्व त्यागाचें ओझें एकट्या परीक्षार्थ्याच्या डोक्यावर येतें. "तुझ्यासाठीं आम्हीं एवढें केलें" हें वाक्य त्या मुलास रोज ऐकावें लागलें, तर त्याचें मन खचतें. आणि खचलेलीं मुलें कोणत्या टोंकास जातात, हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्या आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून हलण्यापूर्वीं मुलास बसवून विचारा : "तुला डॉक्टर व्हावयाचें आहे, कीं आम्हांला तुला डॉक्टर करावयाचें आहे?" त्याचें उत्तर शांतपणें ऐका. आणि येथें आल्यावर मूल जेवेनासें झालें, बोलेनासें झालें, तर त्यास आळशी म्हणूं नका. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर केव्हांही बोलतां येतें. माझेंही दार उघडें आहे.

आईबाप हे मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, असें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक घोषणापत्रांत म्हटलें आहे. महागड्या शाळेचें शुल्क भरण्यासाठीं आईबाप दोघेंही रात्रीं दहापर्यंत राबूं लागलीं, तर त्या मुलानें पहिला शिक्षक गमावून दुसरा मिळविला असें होईल. अंथरूण पाहून पाय पसरावे. संध्याकाळीं घरांत एक वडील माणूस, एक ताट सर्वांनीं मिळून, आणि निजण्यापूर्वीं एकत्र प्रार्थना, एवढें ज्या शुल्कांत राहूं शकतें, तेंच शुल्क आपल्याला परवडतें असें समजावें.

शेवटीं, जे येथें पूर्वींच स्थिरावले आहेत त्यांच्याशीं दोन शब्द. ज्युबिलीची आठवण म्हणून आपण कमान उभारली, रंग दिला, ही पुस्तिका काढली; तें सर्व योग्यच झालें. त्याबरोबर आणखी एक काम करूं. धर्मग्रामाच्या कचेरींत एक वही ठेवतों. आपल्या वसाहतींत कोणती खोली रिकामी आहे, तेथें पाणी कसें आहे, जवळची शाळा कोणती व तिचा आपला अनुभव काय, हें प्रत्येकानें तींत खरेपणानें लिहावें. ती वही एप्रिलपासून नव्या कुटुंबांस पाहावयास मिळेल. नवें बिऱ्हाड आलें कीं त्या वसाहतींतील एका घरानें पहिल्या रात्रीचें जेवण त्यांच्याकडे पोंचवावें, आणि त्यांच्या मुलांना रविवारीं आपल्या मुलांबरोबर मिस्सेस व धर्मशिक्षणास आणावें. येणाऱ्यांनींही मूळच्या धर्मगुरूंकडून बाप्तिस्म्याचा दाखला व ओळखपत्र आणून आल्याबरोबर आपलें नांव येथें नोंदवावें. म्हणजे प्रथम पवित्र कम्युनियन व दृढीकरण यांच्या वेळीं धांवपळ होणार नाहीं.

पन्नास वर्षांनीं पुढची ज्युबिली भरेल, तेव्हां आज टेंपोंतून उतरणारीं लेंकरें आजी-आजोबा झालेलीं असतील. आपण या शहरांत आलों तेव्हां कोणीतरी आपल्याला खरी माहिती दिली व आपल्या ताटांत भाकर वाढली, असें त्यांनीं त्या दिवशीं सांगावें. त्या कामास प्रभूनें आपणांस सद्बुद्धि व बळ द्यावें, आणि नाझरेथचें घर सांभाळणाऱ्या संत योसेफानें आपल्या घरांचा सांभाळ करावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.